नटलेली नको, देखणी मात्र हवी



वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, एवढं आपल्या भागातल्या प्रत्येक मुलीनं शाळेत पाठ केलेलं असतं. पण या वत्सगुल्माच्या दोन गोष्टी आहेत, त्या शाळेत कुणी सांगत नाही. दोन्ही गोष्टी मुलगी पसंत करण्याच्या आहेत. दोन्ही एकाच माणसानं लिहिल्या आहेत. राजशेखर त्याचं नाव. साधारण अकराशे वर्षांपूर्वीचा हा कवी कनोजच्या प्रतिहार राजांच्या दरबारी होता, पण घराणं महाराष्ट्राकडचं.

पहिली गोष्ट त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथातली. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडून निघतो. त्याला प्रेमात बांधून ठेवायला गौरी एक मुलगी निर्माण करते, तिचं नाव साहित्यविद्या. ही मुलगी त्याच्या मागोमाग देशोदेशी जाते. पूर्वेकडे जाते तेव्हा एक वेष करते, पांचाल देशात दुसरा, अवंतीत तिसरा. त्या त्या देशातल्या बायका तिचं पाहून तसाच वेष करायला लागतात. नवरदेव पूर्वेला ढिम्म. पुढे थोडा थोडा विरघळतो. दक्षिणेत येतो तेव्हा पुरता तिचा होतो, आणि त्या दोघांचं लग्न कुठं लागतं, तर विदर्भात, वत्सगुल्मात. म्हणजे आपल्या वाशीमला!

दुसरी गोष्ट त्याच्याच ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटकातली. हे नाटक त्याच्या बायकोच्या, अवंतीसुंदरीच्या इच्छेवरून रंगभूमीवर आलं, असं नाटकातच म्हटलंय. राजाच्या दरबारात भैरवानंद नावाचा एक मांत्रिक येतो आणि म्हणतो, सांगा, काय करून दाखवू? विदूषक म्हणतो, दक्षिणेत वच्छोम नावाचं नगर आहे, तिथं मी एक मुलगी पाहिली होती, तिला आणा. वच्छोम म्हणजे वत्सगुल्मच. मांत्रिक तिला जशी असेल तशी उचलून आणतो. ती नेमकी न्हात असते. केस ओले, काजळ धुऊन गेलेलं, डोळे लाल, अंगावर एक ओलं वस्त्र. राजा तिथल्या तिथं वेडा होतो. पुढच्या अंकात मात्र तिला नखशिखान्त नटवतात आणि तिची मैत्रीण राजाला एकेका दागिन्याचं वर्णन करून सांगते.

म्हणजे एकाच कवीच्या मनात एक मुलगी देशोदेशीचे वेष करून नवरा मिळवते आणि दुसरीला तोंड धुतलेलं असताना पाहूनच पसंत करतात. नटलेलीही हवी आणि न नटलेलीही हवी. गेले काही महिने आमच्या घरात पुतणीसाठी स्थळं पाहणं चाललंय, त्यामुळे ही दोन्ही वाक्यं मी अकराशे वर्षांनी, आसेगावात बसून, फोनवर ऐकते आहे. म्हणून म्हटलं, हा हट्ट आला कुठून ते जरा उलगडून पाहावं. पोथीतून आला, असं आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं. मला तसं वाटत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ‘मुलगी पाहणे’ हा प्रकार आपल्याला वाटतो तितका जुना नाहीच. माझ्या आजेसासूबाईंचं लग्न बाराव्या वर्षी झालं. तुम्हाला पाहायला कोण आलं होतं, असं मी नवी सून असताना त्यांना विचारलं होतं. त्या हसल्या. म्हणाल्या, “आमच्या वख्ती पोरगी कोण पाहे वं? घर पाहत, वावर पाहत, मामकूळ पाहत. पोरगी त असतेच घरात.” बारा वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यात पाहण्यासारखं काय असणार? साखे जुळले, माणसं तोलामोलाची निघाली, की संपलं. आंतरपाट खाली पडला तेव्हा दोघांनी एकमेकांना पाहिलं, तेही मान खाली घालून.

मग मुलींची लग्नं उशिरा व्हायला लागली. हे आपोआप झालं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींनी ‘जैन बोधक’ काढला, १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. आपल्या समाजातल्या सुधारकांनी बालविवाह, वृद्धविवाह आणि कन्याविक्रय या तिन्हींवर कोरडे ओढले. कन्याविक्रय हा शब्द आज आपल्याला परका वाटतो, पण पन्नाशीच्या विधुराने पैसे मोजून लहान मुलगी करून आणायची, हे तेव्हा सर्रास चाले. त्यापुढे १९२९ साली शारदा कायदा आला आणि मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरलं. १९४९ साली ते पंधरा झालं, १९७८ साली अठरा. गावोगावी कायदा किती पाळला हा वेगळा विषय. पण वय वाढत गेलं, पोरी शाळेत जायला लागल्या, आणि घरात आता बारा वर्षांचं लेकरू नव्हे, तर सतरा-अठरा वर्षांची मुलगी लग्नाची झाली. मुलगाही शिकलेला. तो म्हणायला लागला, मी पाहिल्याशिवाय करणार नाही.

इथं ‘पाहणं’ सुरू झालं. ही सुधारणाच होती, हे विसरू नका. ज्या पोरीला कुणी विचारतसुद्धा नव्हतं, तिला निदान समोर आणून बसवायला लागले. पण त्या सुधारणेची किंमत पोरींनी आपल्या तोंडानं मोजली.

अडचण अशी झाली की जुन्या रीतीप्रमाणे नटणं कुमारिकेचं नव्हतंच. जुना हिशोब सरळ होता. कुमारिकेनं नटायचं नाही, सवाशिणीनं नटलंच पाहिजे, विधवेनं नटता कामा नये. काजळ, कुंकू, हिरव्या बांगड्या, गजरा, सगळं नवऱ्याच्या असण्यावर बेतलेलं. त्यातली तिसरी रेघ किती क्रूर होती ते पाहायचं तर मगनबाईंचं आयुष्य पाहा. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांची ही मुलगी, मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या घरची. ऐन तारुण्यात विधवा झाली. बापाच्या पेढीवर मोती, आणि लेकीच्या अंगावर पांढरं वस्त्र. तिनं रडत बसण्याऐवजी अभ्यास केला, मुंबईत श्राविकाश्रम उभा केला आणि आपल्या समाजातल्या कितीतरी विधवांना शिकवून मास्तरणी केलं. आणि आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे! त्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारलं होतं की जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत का? आपल्या वऱ्हाडातलं हे पुस्तक आहे. प्रत्येकीच्या घरी असावं असं मला वाटतं.

तर मुद्दा असा की नटणं हे लग्नानंतरचं, आणि मुलगी दाखवायची लग्नाआधी. आता तिला समोर बसवायची तर ती छान दिसली पाहिजे. पण नटलेली दिसली तर घरचे म्हणणार, ‘ही आत्ताच अशी, पुढं काय करील?’ हा पेच आपल्या आज्यांनी जो सोडवला तो आजतागायत चालू आहे: नट, पण दिसू देऊ नकोस.

त्यात बाजारात नवा माल आला. मुंबईच्या पाटणवाला यांचं ‘अफगाण स्नो’ घरोघरी गेलं. तोवर चेहऱ्याला लावायचं म्हणजे हळद, डाळीचं पीठ, साय. बरणीतलं पांढरं स्नो हा चमत्कारच होता. १९३० साली किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक सुरू झालं, तेव्हापासून शिकलेल्या मराठी बाईनं कसं राहावं, काय नेसावं याची चर्चा छापील कागदावर व्हायला लागली. नऊवारी की पाचवारी हा तेव्हाचा जीन्सचा प्रश्न होता. पाचवारी नेसलेली सून पाहून आमच्या घरातल्या एका सासूबाईंनी महिनाभर अबोला धरल्याची गोष्ट अजून सांगतात. आज तीच पाचवारी ‘आपली पारंपरिक साडी’ झाली आहे, आणि संमेलनात पंजाबी ड्रेस घालून आलेल्या मुलीला तिचं उदाहरण देतात!

एक गंमत सांगते. मराठी घरंदाज बायकांना नटण्याची आवड लावण्यात मोठा वाटा एका पुरुषाचा होता. बालगंधर्व. १९१३ साली त्यांची गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांची नऊवारी नेसण्याची ढब, अंबाड्यावरचा गजरा, दागिने, हे पाहून पुण्या-मुंबईच्या लेकीसुना तसं करायला लागल्या. पुरुषानं रंग लावून बाई झालं तर कला, आणि बाईनं लावला तर चारित्र्य. हे तेव्हा कुणाला खटकलं नाही.

माझ्या आईला १९६४ साली पाहायला आले. मुलाकडची मंडळी शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूरहून कारंज्याला उतरली आणि तिथून दमणीतून आली. आईला चालून दाखव म्हणाले, सुईत दोरा ओव म्हणाले, वेणी सोड म्हणाले. वेणीत गंगावन आहे का ते पाहायचं होतं. मग मुलाच्या आत्यानं जवळ बोलावून, लाडानं, पदराच्या टोकानं गाल पुसला. लाड कसला, पावडर निघते का ते पाहिलं! पावडर निघाली नाही, कारण आईनं लावलीच नव्हती. ते स्थळ जुळलं नाही. कारण कळवलं, ‘मुलगी सावळी आहे.’ म्हणजे लावली असती तर खोटी, आणि नाही लावली तर सावळी.

आईचा त्या वेळचा फोटो माझ्याकडे आहे. अकोल्याच्या फोटोवाल्याकडे काढलेला, मागे पडद्यावर रंगवलेला बगीचा. त्या काळी फोटोवाले काचेवर किंवा फिल्मवर पेन्सिलीनं काम करून चेहरा उजळवत, डोळ्याखालची काळी वर्तुळं घालवत. फोटोत आई गोरीपान आहे. आजोबांनी गालाला पावडर लावू दिली नाही, पण चेहरा उजळ करायचे चार आणे जास्तीचे दिले. आज आपण फोनमधल्या ‘फिल्टर’ला नावं ठेवतो, म्हणून सांगितलं.

१९५२ साली टाटांनी लॅक्मे काढली, तेव्हापासून देशी लिपस्टिक मिळायला लागली. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आलं. त्याच्या जाहिराती आठवतात ना? मुलगी काळी, म्हणून लग्न नाही, नोकरी नाही. ट्यूब लावली, की सगळं आहे. २०२० साली त्यांनी नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केलं, पण पंचेचाळीस वर्षांत जे डोक्यात गेलं ते नाव बदलून निघतं का? आपल्या समाजाच्या परिचय पुस्तिका काढून बघा. उंची, शिक्षण, गोत्र, आणि मग ‘वर्ण’. गोरा, गव्हाळ, निमगोरा. सावळी असं मी अजून एकाही मुलीपुढे छापलेलं वाचलं नाही. आपल्या अख्ख्या समाजात सावळी मुलगीच नसावी!

इथं मला आपल्या पोथ्यांकडे यायचंय, कारण घरातल्या मोठ्या बायका हे सगळं शेवटी धर्मावर नेऊन टांगतात. ‘आपल्यात असं चालत नाही.’

रंगाचंच घ्या. नेमिनाथ भगवान कोणत्या वर्णाचे? श्याम. मुनिसुव्रत भगवान? श्याम. आणि राजुल त्या सावळ्या नवरदेवासाठी नटून बसली होती. आपल्या जिल्ह्याचं मोठं तीर्थ म्हणजे शिरपूर, तिथले अंतरिक्ष पार्श्वनाथ काळ्या पाषाणाचे. आपण तिथं मान लववतो, आणि घरी आलेल्या मुलीला ‘जरा डल आहे’ म्हणून परत पाठवतो.

राजुलची गोष्ट आपल्याकडे नेहमी अशी सांगतात की तिनं दागिने उतरवले, म्हणून दागिने वाईट. गोष्ट नीट आठवा. ती लग्नासाठी पूर्ण नटली होती आणि तिच्या नटण्याला कुणीही दोष दिलेला नाही. वरातीच्या जेवणासाठी कोंडलेले पशू पाहून नेमिनाथ परत फिरले. मग राजुलनं स्वतः, आपल्या मनानं, अलंकार उतरवले आणि गिरनारची वाट धरली. बापानं उतरवले नाहीत, सासूनं गाल पुसून पाहिला नाही. नटणंही तिचं आणि सोडणंही तिचं.

याच राजुलची पुढची गोष्ट आपल्या श्वेतांबर बहिणींच्या उत्तराध्ययन सूत्रात आहे. दीक्षा घेतलेली राजीमती गिरनारवर पावसात भिजते, गुहेत जाऊन वस्त्रं पिळत असते. तिथं नेमिनाथांचा भाऊ रथनेमी ध्यानाला बसलेला असतो. तिला पाहून त्याचं मन ढळतं. तेव्हा ती ‘माझंच चुकलं, मी इथं यायला नको होतं’ असं म्हणत नाही. ती त्याला खडसावते, आणि त्याच्या व्रताची आठवण देऊन त्याला जागेवर आणते. कर्पूरमंजरीही ओली होती आणि राजीमतीही ओली. राजाच्या नाटकात पाहणारा मालक झाला, सूत्रात पाहणाऱ्याला कान धरून बसवलं. आपला धर्म कुठल्या बाजूला आहे, ते यावरून दिसतं.

मल्लीकुमारीची कथा तर यापुढची. दिगंबर परंपरेत मल्लिनाथ पुरुष, श्वेतांबर परंपरेत त्या राजकन्या. तो वाद इथं नको, गोष्ट ऐका. सहा राजे तिच्या रूपाची कीर्ती ऐकून एकाच वेळी मागणी घालतात. ती आपल्यासारखीच एक सोन्याची मूर्ती करवून घेते. मूर्तीच्या डोक्याला झाकण, आत पोकळ. रोज जेवणातला एक घास त्यात टाकते. सहाही राजे येऊन मूर्तीवर भाळतात, आणि मग ती झाकण काढते. घाण सुटते. ती म्हणते, तुम्ही ज्याच्यासाठी आलात त्या शरीरातही हेच आहे. ही गोष्ट व्याख्यानात बायकांना ऐकवतात, ‘देहाचा अभिमान धरू नका’ म्हणून. अहो, पण तिनं झाकण कुणासमोर उघडलं? पाहायला आलेल्यांसमोर!

आता आचार. आपल्या घरोघरी असलेला ‘रत्नकरंड श्रावकाचार’ काढा. समंतभद्राचार्य उपवासाच्या दिवशी काय काय सोडायचं ते सांगतात: पाच पापं, अलंकार, आरंभ, गंध, फुलं, स्नान, अंजन, नस्य. अंजन म्हणजे काजळच की. उपवासाच्या दिवशी सोडा म्हटलंय, म्हणजे एरवी ते घरात होतं, बायका-पुरुष लावत होते, हे आचार्यांनी गृहीत धरलंय. भोगोपभोगपरिमाण व्रतातही तसंच. जेवण, वाहन, शय्या, अंगाला लावायची उटी, फुलं, विडा, वस्त्र, दागिने, गाणं-वाजवणं, या सगळ्यांना मर्यादा घाला म्हणतात, आणि ती मर्यादा आजच्यापुरती, एका रात्रीपुरती, पंधरवड्यापुरती, महिन्यापुरती, जशी झेपेल तशी. सगळं कायमचं टाका असं गृहस्थाला कुठंही म्हटलेलं नाही. मोजा म्हटलंय. आणि हे व्रत श्रावकालाही आहे. मुलीची लिपस्टिक मोजणाऱ्यांनी मुलाची मोटारसायकल, घड्याळं आणि बूटही त्याच यादीत धरायला हवेत, वाहन तर त्या यादीत नावानिशी आहे.

आणि तत्त्वार्थसूत्रात ब्रह्मचर्य व्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत, पर्युषणात दहा दिवस आपण त्या ऐकतो. त्यात एक आहे दुसऱ्याचं मनोहर अंग निरखून पाहणं सोडणं, आणि दुसरी स्वतःच्या शरीराचं सजवणं सोडणं. नीट बघा हं. पाहणाऱ्यानं स्वतःची नजर आवरायची आहे, आणि सजणं सोडायचं तेही स्वतःचं. दुसरीच्या गालावरची पावडर पुसून पाहणं हे यापैकी कशातच बसत नाही. ते निरखून पाहण्यातच येतं.

पुतणीचं सांगते. ती शिकलेली, नोकरी करणारी, सव्वीस वर्षांची. आमच्या वेळी मुलगा-मुलगी गच्चीवर दहा मिनिटं बोलायची, तेही खाली सगळे घड्याळ बघत. आता आधी बायोडाटा, मग फोनवर बोलणं, मग अकोल्याला एखाद्या हॉटेलात कॉफी, दोनदा, तीनदा. पोरं त्याला डेट म्हणतात, आपण भेट म्हणू. मला यात काही वावगं वाटत नाही. उलट ओवलेल्या सुईपेक्षा कॉफीत माणूस जास्त कळतो.

पण एका स्थळाकडून निरोप आला: मुलीचा मेकअप न केलेला एक फोटो पाठवा. घर चांगलं, धार्मिक, त्यांच्याकडे रात्रिभोजन नाही, कंदमूळ नाही. आमच्या घरातली निम्मी माणसं म्हणाली, पाठवू या, काय जातं? पुतणीनं मला विचारलं, काकू, काय करू? मी म्हटलं, तुला पाठवावासा वाटत असेल तर पाठव, पण सोबत मुलाचाही एक मागव, दाढी वाढलेला, सकाळी उठल्या उठल्या काढलेला. तिनं खरंच मागवला. तिकडून उत्तर आलं नाही. त्याच्या आधीच्या स्थळानं ‘मुलगी फार साधी आहे, आमच्या मुलाला स्मार्ट हवी’ असं कळवलं होतं. तीच मुलगी, तोच चेहरा, दोन आठवड्यांचं अंतर. राजशेखरानं दोन पुस्तकं तरी लिहिली.

आमच्या जाऊबाईंचं म्हणणं वेगळं आहे आणि तेही मांडते. त्या म्हणतात, नवरा-बायकोनं आयुष्यभर धुतलेल्या तोंडानंच एकमेकांसमोर वावरायचं, मग आधी दाखवायला काय हरकत? हरकत नाही. दोघांनी एकमेकांना दाखवावं, ओळख झाल्यावर, आपल्या मर्जीनं. तपासणी म्हणून मागितलं की ती कापडाच्या दुकानात ताका उलटून बघण्याची गत होते. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही, आणि आम्ही दोघी एकाच ओट्यावर पोळ्या लाटतो.

धर्माच्या नावानं खरोखर विचारायचा प्रश्न एकच होता, तो मात्र पिढ्यान् पिढ्या कुणी विचारला नाही: लावायचं ते कशापासून केलेलं आहे? आमच्या आजेसासूबाईंच्या फणेरपेटीत मेणाची डबी होती. कपाळाला आधी मेण, त्यावर कुंकू. मेण कशाचं? मधमाशीच्या पोळ्याचं. मध आपण अष्टमूलगुणात सोडलेला, आणि पोळं कपाळावर! तीच माणसं लिपस्टिकला नाक मुरडत होती, ती लाल दिसते म्हणून. लग्नात शालू नेसायचा, कोश उकळून काढलेल्या रेशमाचा, आणि बोलायचं पावडरीला.

पुण्याची ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था १९७४ पासून हेच सांगते आहे. २०१४ साली आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आली, आणि त्याच वर्षी तशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायलाही. पण चाचणी नाही म्हणजे आत प्राणिजन्य काही नाही असा अर्थ होत नाही, तेव्हा डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. कार्माइन किंवा सी. आय. ७५४७० लिहिलं असेल तर तो लाल रंग किडे वाळवून, कुटून काढलेला. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं तेलकट मेण. शेलॅक म्हणजे लाख, तीही किड्याची, नखांच्या रंगात असते. ग्वानिन किंवा सी. आय. ७५१७० ही मोत्यासारखी चकाकी, माशांच्या खवल्यांची. सेरा अल्बा म्हणजे आपलं ते आजीच्या डबीतलं मेणच. यातलं काही नसलेल्या लिपस्टिकही मिळतात, थोड्या शोधाव्या लागतात.

पुतणीनं मागच्या महिन्यात वाशीमच्या दुकानात उभं राहून सात लिपस्टिक उलटून वाचल्या. दुकानदार म्हणाला, ताई, रंग बघा ना, अक्षरं काय बघता. सातातल्या दोन बसल्या. त्यातली एक तिनं घेतली, विटकरी रंगाची. अष्टमी-चतुर्दशीला ती लावत नाही, आणि येत्या रविवारी अकोल्याला भेट आहे, तिथं लावून जाणार आहे.